भाव पडणारी बँक आणि भावच नसलेली बँक

९ मे २०२५, शुक्रवार. ऑपरेशन सिंदूरचा तिसरा दिवस. जुम्याची नमाज आटोपून लोक घरी पोहोचत होते आणि होटगीतल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला की दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार आहेत, पैसे काढून ठेवा. कुणी पाठवला, कुठून आला, काही पत्ता नाही. सरकारच्या पीआयबीने हा निरोप खोटा असल्याचं लगेच जाहीर केलं, बँकांनीही सांगितलं की पुरेशी रोकड आहे. पण खुलासा नेहमी निरोपाच्या मागून चालत येतो. तोवर दोघे-तिघे मोटारसायकल काढून सोलापूरकडे निघालेही होते.

त्याच दिवशी सेन्सेक्स ८८० अंकांनी खाली आला. शनिवारी संध्याकाळी शस्त्रसंधी झाली आणि सोमवारी, १२ मेला, तोच सेन्सेक्स २,९७५ अंकांनी उसळला. शुक्रवारी घाबरून विकणाऱ्यांचं नुकसान झालं, थांबलेल्यांचं भरून निघालं. गोष्ट एवढीच असती तर ती कुठल्याही अर्थविषयक पानावर तुम्ही वाचली असती. मला त्यापेक्षा वेगळं काही सांगायचंय. देशावर अनिश्चिततेचं सावट आलं की आपण मुसलमान तरुण बँकांकडे ज्या नजरेने बघतो, त्यात मला एक गडबड दिसते. ज्या बँकेचा शेअर टीव्हीवर लाल रंगात पडताना दिसतो तिला आपण घाबरतो. जिचा भाव कधी हलतच नाही, तिथे आपण निर्धास्त असतो. खरा धोका बहुतेक वेळा दुसरीकडे असतो.

आधी हे मान्य करतो की आपली भीती खुळचट नाही. जानेवारी २०२० मध्ये, नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं ऐन भरात असताना, तामिळनाडूच्या तुतिकोरिन जिल्ह्यातल्या कायलपट्टिनम या मुस्लिमबहुल गावात काय झालं ते आठवा. एका सरकारी बँकेच्या तिथल्या शाखेने केवायसीची जाहिरात दिली. चालणाऱ्या कागदपत्रांच्या यादीत ‘राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र’ असं एक नाव होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतल्या यादीतलंच ते नाव, अनेकांपैकी एक पर्याय, सक्ती मुळीच नाही. पण त्या महिन्यात ते शब्द वाचल्यावर गावाला दुसरं काही सुचलं नाही. लोक रांगा लावून उभे राहिले आणि काही दिवसांत एक कोटीहून जास्त रक्कम त्या एका शाखेतून बाहेर आली. बँकेचे अधिकारी समजावत राहिले. त्या बँकेची आर्थिक स्थिती त्या आठवड्यात तसूभरही बदलली नव्हती. बदललं होतं ते ‘आपण इथले धरले जाणार की नाही’ याबद्दलचं मन.

अर्थविषयक बातम्यांत ‘गुंतवणूकदारांचा मूड’ असा शब्द येतो. हा मूड कुणाचा, हे एकदा विचारायला हवं. मे २०२५ मधल्या त्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या ऑफिसात चहाच्या मशीनपाशी जो तो मोबाईलवर आपला पोर्टफोलिओ बघत होता. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू. पण माझ्या डोक्यात त्यासोबत आणखी एक हिशेब चालू होता, की भाड्याच्या घराचा करार महिनाभरात संपतोय आणि घरमालक या वातावरणात तो पुढे वाढवेल का. हा निर्देशांक कुठल्याही चॅनेलवर दाखवत नाहीत. बाजाराची अनिश्चितता सोमवारी संपली. आपली संपायला वेळ लागतो, म्हणूनच आपल्याला बाजाराची भीती आणि स्वतःची भीती वेगवेगळी ओळखता यायला हवी.

आता शेअरच्या भावाकडे येऊ. बँकांचे शेअर अशा काळात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त का पडतात? समजा, एका बँकेने शंभर रुपये कर्जाऊ दिलेत. त्यातले साधारण दहा मालकांचे, म्हणजे भागधारकांचे. उरलेले नव्वद ठेवीदारांचे आणि इकडून तिकडून उसने घेतलेले. कर्जातले पाच रुपये बुडतील अशी नुसती शंका आली, तरी मालकांचं अर्धं भांडवल गेल्यासारखं होतं. म्हणून शेअर कोसळतो. ठेवीदाराच्या नव्वद रुपयांना मात्र त्या पाचाने हात लागलेला नसतो, कारण तोटा आधी मालकाने सोसायचा असतो. त्यात भर म्हणजे परदेशी गुंतवणूकदार संस्थांचा आपल्या बाजारातला सर्वांत मोठा हिस्सा बँका आणि वित्तसंस्थांच्या शेअरमध्येच आहे. त्यांना पैसे काढायचे झाले की पहिला घाव तिथेच बसतो. आणि बँक सरकारी असेल तर सरकार कुणाचं येतंय यावरही तिचा भाव हलतो.

४ जून २०२४ आठवतो का? त्याच्या आदल्या दिवशी, एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला होता. मतमोजणीत भाजपला एकट्याला बहुमत मिळत नाही असं दिसू लागलं आणि दिवसअखेर तो ४,३८९ अंकांनी खाली, ७२,०७९ वर बंद झाला. स्टेट बँकेचा शेअर एका दिवसात चौदा टक्क्यांच्या आसपास पडला, बाकीच्या सरकारी बँकांचीही तीच गत. एका दिवसात स्टेट बँकेच्या कर्जदारांनी हप्ते थांबवले होते? ठेवी पळाल्या होत्या? काहीही झालं नव्हतं. ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर, म्हणजे पडण्याआधीच्या पातळीच्याही वर होता. त्या मंगळवारी ज्याची स्टेट बँकेत पाच हजारांची बचत होती, त्याची पाच हजारांची बचत बुधवारीही होतीच. टीव्हीवरच्या त्या लाल आकड्यांचा संबंध भागधारकाशी होता, खातेदाराशी नाही.

म्हणजे शेअरचा भाव निरर्थक असतो असंही नाही. येस बँकेचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा शेअर चारशे रुपयांच्या घरात होता. पुढच्या दीड वर्षात तो घसरत घसरत चाळिसाच्या खाली आला. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले, महिनाभरासाठी खात्यातून जास्तीत जास्त पन्नास हजार काढता येतील असं सांगितलं. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना ती रात्र वेगळ्या कारणाने लक्षात आहे. फोनपेचे व्यवहार येस बँकेमार्फत होत असल्याने फोनपे ठप्प झालं आणि त्यांच्या इंजिनिअरांनी साधारण दिवसभरात ते दुसऱ्या बँकेवर हलवून पुन्हा सुरू केलं. (या कामाचं कौतुक बाहेर फारसं झालं नाही, आमच्यात अजून होतं.) स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल आलं, १८ मार्चला निर्बंध उठले. ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही. भागधारक धुऊन निघाले आणि ८,४१५ कोटींचे एटी-वन रोखे शून्यावर आणले गेले. बँक अडचणीत आहे हे तिचा शेअर दीड वर्ष ओरडून सांगत होता. ऐकणाऱ्याला सावध व्हायला भरपूर वेळ होता.

आता होटगीपासून अर्ध्या तासावरच्या सोलापुरात या. सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आणले. खात्यातून काढता येणारी रक्कम होती एक हजार रुपये. २२ सप्टेंबर २०२२ ला तिचा परवाना रद्द झाला. या बँकेच्या शेअरचा भाव आदल्या वर्षभरात किती पडला होता? पडला नव्हता. सहकारी बँकेचा शेअर बाजारात विकायला नसतोच. दर्शनी किमतीला घ्यायचा, दर्शनी किमतीलाच परत करायचा. आकडा दगडावर कोरल्यासारखा स्थिर, आणि तो स्थिर आकडा बघून वाटतं की बँकही स्थिर आहे.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. रात्रभर एकही अलर्ट आला नाही याचे दोन अर्थ होतात. एक, सगळं ठीक आहे. दोन, अलर्ट पाठवणारी यंत्रणाच बंद आहे. सकाळी आधी दुसरी शक्यता तपासायची असते.

पीएमसी बँकेचंही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा कळलं की बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त रक्कम एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती तयार केली होती. कागदावर थकीत कर्ज चार टक्क्यांच्या आत. मुंबईत ठेवीदार रस्त्यावर आले. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि ज्यांची रक्कम पाच लाखांच्या वर होती त्यांना उरलेली रक्कम दहा वर्षांच्या हप्त्यांत मिळणार असं ठरलं. साठी उलटलेल्या माणसाला दहा वर्षांचे हप्ते!

आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेचं संचालक मंडळही थकीत कर्जांवरून २०१८ मध्ये बरखास्त होऊन प्रशासक आले. होटगी रोडवरच्या साखर कारखान्याची चिमणी पाडायची की ठेवायची यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं खडाजंगी झाली, शेवटी जून २०२३ मध्ये ती पाडली गेली. त्याच टपरीवर बँकेच्या ताळेबंदावर कुणी अर्धा तास बोलल्याचं मला आठवत नाही. चिमणी लांबून दिसते, ताळेबंद उघडावा लागतो.

सहकारी बँकेच्या ठेवीदाराला निदान एक आडोसा आहे, तो म्हणजे ठेव विमा. त्याचा इतिहास बघण्यासारखा आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, तेव्हा १,५०० रुपयांपर्यंत. १९९३ पासून ही मर्यादा एक लाख होती. पीएमसीच्या हाहाकारानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायचं बंधन आलं. सोलापूरच्या लक्ष्मी बँकेचे ९९ टक्के ठेवीदार याच मर्यादेत बसत होते आणि परवाना रद्द होण्याआधीच महामंडळाने त्यांना १९३ कोटींहून जास्त रक्कम दिली होती. अकोल्याची एक लक्ष्मी बुडाली म्हणून जो कायदा झाला, त्याने साठ वर्षांनी सोलापूरच्या लक्ष्मीचे ठेवीदार तारले. नावाचा योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.

हा आडोसा पतसंस्थांना नाही. मल्टिस्टेट सोसायट्यांना नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे लाखो ठेवीदार २०२३ च्या शेवटापासून हेच भोगताहेत. आणि जे फक्त आपल्यासाठी म्हणून उभं केलं जातं, त्यालाही नाही. ‘हलाल गुंतवणूक’ हे शब्द वापरून बंगळुरूच्या आयएमएने आपल्याच लोकांकडून पैसा गोळा केला, दर महिन्याला ‘नफा’ वाटला आणि जून २०१९ मध्ये मालक दुबईला पळाला. ४०,००० हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. त्याच्या वर्षभर आधी हैदराबादच्या हीरा ग्रुपचं तेच झालं होतं, तिथे वर्षाला छत्तीस टक्के मिळतील असं आश्वासन होतं. या दोन्ही ठिकाणी शेअरचा भाव नव्हता, ताळेबंद छापून येत नव्हता, रिझर्व्ह बँक दारात नव्हती. होती ती दाढी, टोपी, मशिदीबाहेरची ओळख आणि सूदापासून वाचवण्याचं आश्वासन. निवडणुकीचा निकाल असो की युद्ध, आयएमएचा ‘नफा’ वर्षानुवर्षं दर महिन्याला येत राहिला. धंद्यातला नफा असा कधी येतो का? ज्याने कुणी पानटपरीही चालवली आहे त्याला विचारा.

आपले लोक तिथे का गेले, याचं उत्तर फक्त ‘लालच’ असं देणाऱ्यांशी मी सहमत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं आहे की काही बँका काही भाग ‘निगेटिव्ह झोन’ ठरवतात आणि तिथे कर्ज सहज देत नाहीत. आपल्या वस्त्या त्यात पडतात. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असं सुचवलं होतं, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. एका बाजूने बँक जवळ करत नाही, दुसऱ्या बाजूने दीन सूद घेऊ देत नाही. मधली जागा भोंदूंनी व्यापली. हा दोष आपल्या एकट्याचा नाही. पण बुडालेले पैसे आपलेच आहेत.

बँकेचा शेअर घ्यावा की नाही यावर फतवा देणं माझं काम नाही. निफ्टी ५० च्या शरिया निर्देशांकात बँका नाहीत, हे बहुतेकांना माहीत असेल. ज्यांना त्याप्रमाणे चालायचं त्यांनी चालावं. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्या. तुमचा पीएफ कापला जात असेल, तर ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीच्या नव्या पैशाचा एक भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये जातो. निफ्टीतला साधारण तिसरा हिस्सा बँका आणि वित्तसंस्थांचा आहे. म्हणजे ‘मी बँकेच्या शेअरला हात लावत नाही’ असं म्हणणारा हिंजवडीतला आपला इंजिनिअरही थोडाफार बँकेचा मालक आहेच, त्याला कुणी विचारलेलं नाही एवढंच. मग निदान ज्या गोष्टीचे आपण मालक आहोत ती वाचायला तरी शिकू.

वाचायचं फार नाही. आपली संस्था ठेव विमा महामंडळाच्या, म्हणजे डीआयसीजीसीच्या यादीत आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं. पाच लाखांची मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून आणि व्याज धरून असते, म्हणून दोन शाखांत विभागून उपयोग नाही, दोन बँकांत विभागावं लागतं. रिझर्व्ह बँक कुठल्या सहकारी बँकेला दंड करते, कुणावर निर्बंध लावते, ते पत्रक काढून जाहीर करते. आणि सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सभेला जा. तिथे चिवडा-पेढा खाऊन येण्याऐवजी एवढंच विचारा की सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती भाग आहे. पीएमसीच्या सभासदांना या एका प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

हे सगळं होटगीत बोलून दाखवल्यावर एका मित्राने विचारलं, म्हणजे तू सूदवाल्या बँकांची वकिली करतोयस. मी म्हटलं, खात्यात पैसे ठेवणं आणि व्याज खाणं या दोन गोष्टी आहेत. आलेलं व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकणारी माणसं आपल्याच मोहल्ल्यात आहेत, आणि त्याला मौलानांची हरकत मी तरी ऐकलेली नाही. तो म्हणाला, सरकारी बँकेत उद्या कागद मागितले तर? या प्रश्नावर मी हसलो नाही. कागद मागितले तर कागद दाखवू, वकील लावू, भांडू. पण त्या भीतीने काढलेला पैसा शेवटी जातो कुठे? घरच्या कपाटात, नाहीतर पिग्मी एजंटाच्या हातात. तिथे भांडायला समोर कुणीच नसतं.

माझ्या खालाची ठेव अशीच एका पतसंस्थेत आहे, धाकट्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली. एजंट रोज दारात येतो, घरच्यांची विचारपूस करतो, बँकेत तिला कुणी बसा म्हणत नाही. संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला तसं काही आढळलेलं नाही. पण विमा नाही आणि रक्कम तिच्या आयुष्याची आहे. मुदत संपायला चार महिने बाकी आहेत. आत्ता मोडली तर व्याज कापलं जाईल, असं एजंटाने तिला काळजीने सांगितलं. ती म्हणाली, ते मी तसंही घेणार नव्हते. सोमवारी आम्ही दोघं अर्ज द्यायला जाणार आहोत.